अ‍ॅजाइल टीमचं कोचिंग कसं शिकायचं, दारव्ह्याकडच्या गावातून सांगून राहिलो

यवतमाळ-अमरावतीकडचे पोट्टे नेहमी विचारतात, भौ तू कोच कसा झाला, कोणता कोर्स केला. अ‍ॅजाइल म्हणजे सॉफ्टवेअरचं काम छोट्या टप्प्यांत करत, बघत, बदलत जाणं, न् कोच म्हणजे टीमला तसं काम शिकायला मदत करणारा. कोर्सचं नंतर बघू. मी लॉकडाऊनमध्ये पुण्याहून गावी आलो तो इकडचाच झालो, टीम पुण्यात न् हैदराबादेत आणि मी घराच्या सपरीत लॅपटॉप घेऊन, लाइन गेली की मोबाइलचं नेट. एवढ्या लांबून टीमला धाक दाखवता येत नाही, त्यामुळं कोचिंग शिकावंच लागलं.

पहिले स्वतःचं पक्कं करा. स्क्रम म्हणजे अ‍ॅजाइल काम करायची एक ठरलेली पद्धत, तिची स्क्रम गाइड फुकट मिळते, २०२० ची आवृत्ती चौदाएक पानांची आहे, अर्ध्या दिवसात वाचून होते तरी अर्ध्या लोकांनी वाचलेली नसते. टीम शक्यतो १० किंवा त्याहून कमी लोकांची, स्प्रिंट (कामाचा एक ठरलेला टप्पा) जास्तीत जास्त एक महिन्याचा, डेली स्क्रम (टीमची रोजची छोटी मीटिंग) १५ मिनिटांचा, महिन्याच्या स्प्रिंटचं रेट्रो (स्प्रिंट संपल्यावर काय जमलं, काय नाही हे बघायची मीटिंग) जास्तीत जास्त ३ तास, हे पाठ पाहिजे, कारण कोणी ना कोणी वाद घालणारच. मग २००१ चा अ‍ॅजाइल मॅनिफेस्टो म्हणजे जाहीरनामा, अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला १७ जणांनी बसून लिहिला तो. त्यातली १२ तत्त्वं वाचा आणि शेवटच्यावर थांबा: टीमनं ठरावीक काळानं आपलं आपण बघायचं की काम आणखी चांगलं कसं होईल, आणि त्याप्रमाणं बदलायचं. टीमनं, कोचनं नाही. आपली सगळी नोकरी या एका तत्त्वात आहे.

नवीन टीम मिळाली की दोन स्प्रिंट काहीच बदलू नका. वही घ्या न् बघत राहा. डेलीमध्ये लोक एकमेकांशी बोलतात की एकेक जण मॅनेजरला सांगतो? दुसरं असेल तर तो डेली नाही, शाळेतली हजेरी आहे. कोण कोणाचं बोलणं तोडतं, कोण कधीच बोलत नाही, कोणतं कार्ड (एकेक काम लिहिलेली चिठ्ठी) कामांच्या बोर्डवर एकाच जागी किती दिवस बसलं, सगळं तारखेसकट लिहा. मला पहिल्या टीममध्ये हे जमलं नव्हतं, तिसऱ्याच दिवशी सुधारणा सांगायला लागलो आणि लोकांनी हो हो म्हणून एकही केली नाही.

सगळ्यात अवघड म्हणजे गप्प राहणं. एकदा रेट्रोत मी विचारलं, हा स्प्रिंट कुठं अडकला? कॉलवर सगळे चूप. आधीचा मी असतो तर लगेच उत्तर सांगितलं असतं, टेस्टिंग ऑटोमेट करा म्हणून स्लाइडसुद्धा तयार होती. पण त्या दिवशी माइक म्यूट केला आणि मनात दहापर्यंत मोजायला घेतलं, आठवर असताना तीन महिने तोंड न उघडलेली टेस्टर बोलली की टेस्टचा सर्व्हर सकाळी दुसरी टीम वापरते, आपल्याला दुपारी दोननंतरच मोकळा मिळतो. सगळे तिलाच हळू समजत होते ना बाप्पा! दोन्ही टीमनी दोन दिवसांत वेळा वाटून घेतल्या, माझी स्लाइड आजही तशीच पडून आहे.

म्हणून प्रश्न असा विचारा की ज्याचं उत्तर हो-नाहीत येत नाही, आणि ज्याचं उत्तर तुमच्या खिशात आधीच नाही. "तुम्हाला नाही वाटत की..." हा प्रश्न नाही, तो हुकूम आहे. आणि खरं बोलणाऱ्याला मार बसला तर पुढच्या वेळी कोणी बोलणार नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन बाईंना दवाखान्यातल्या टीमचा अभ्यास करताना दिसलं की चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदल्या जातात, म्हणजे जास्त होतात असं नाही, लपवल्या जात नाहीत. त्यामुळं एखाद्या टीममध्ये सहा महिने एकही चूक निघाली नाही तर मी खूश होत नाही, घाबरतो.

तरी नेहमीच प्रश्न विचारत बसायचं नाही हां. टीमला बोर्ड कसा वापरायचा हेच माहीत नसेल तर सरळ शिकवा, तिथं "तुम्हाला काय वाटतं" म्हणणं म्हणजे छळ. वाद पेटला असेल तर बाजू न घेता मीटिंग चालवा. कधी काय करायचं हे ओळखणं म्हणजेच कोचिंग.

आता हाय परफॉर्मन्स, म्हणजे टीमचं काम भराभर कसं निघेल ते. आमच्याकडं निंदणाला बाया लागतात तेव्हा प्रत्येकीची पात असते. एखादीची मागं राहिली तर जिची संपली ती उलटी फिरून समोरून तिची पात धरते, न् वावर संध्याकाळपर्यंत निघतं. आपल्या टीममध्ये उलट चालतं, आपली पात संपली की लगेच नवी धरतात आणि मागं पाच अर्धवट. हिशोब सोपा आहे: १२ कामं चालू आणि आठवड्याला ३ पुरी होत असतील तर एका कामाला सरासरी ४ आठवडे लागतात. चालू कामं ६ वर आणा, पुरी तेवढीच होत राहिली तर २ आठवडे. याला लिटल्स लॉ म्हणतात. टीमला फक्त हे आकडे दाखवा आणि विचारा, मर्यादा किती ठेवायची? आकडा त्यांनाच ठरवू द्या, चुकीचा निघाला तरी चालेल, पुढच्या स्प्रिंटला तेच बदलतील.

मोजमापावरून एक जखम सांगतो. एका जुन्या कंपनीत मी तीन टीमच्या व्हेलॉसिटीचा (एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटचं काम पुरं झालं त्याचा; पॉइंट म्हणजे काम किती मोठं याचा टीमनंच लावलेला अंदाज) तक्ता करून वरच्यांना पाठवला होता, कौतुक झालं. दोन महिन्यांत तिन्ही टीमचे पॉइंट दीडपट झाले, काम मात्र तेवढंच, तीनचं कार्ड पाचचं झालं फक्त. चूक माझीच होती. तेव्हापासून टीमची तुलना टीमच्याच मागच्या महिन्याशी करतो, आणि बघतो की सॉफ्टवेअरमधला बदल कितीदा लाइव्ह, म्हणजे वापरणाऱ्यांपर्यंत, जातो, जायला किती दिवस लागतात, त्यातले किती फसतात, फसला तर परत सुरू व्हायला किती वेळ लागतो.

सराव कुठं करायचा? गणपती मंडळाच्या मीटिंगमध्ये. खरंच सांगून राहिलो. तिथं दोघं ओरडतात, बाकी मान हलवतात. मी सगळ्यांना चिठ्ठीवर एकेक खर्च लिहायला लावला, चिठ्ठ्या सतरंजीवर मांडल्या, डीजे पाहिजे असं लिहिणारे दोनच निघाले, तेच दोघं. एक म्हणे, "हे कायचं नाटक लावलं बे?" पण भांडण अर्ध्या तासात मिटलं. रेट्रोतही हेच करतो, आधी लिहा मग बोला, आणि शेवटी एकच बदल घ्या, त्याच्यापुढं नाव न् तारीख. सात बदल घेतले की एकही होत नाही.

सर्टिफिकेट घ्यायचंच असेल तर पीएसएम वन (प्रोफेशनल स्क्रम मास्टरची पहिली परीक्षा) घ्या, ६० मिनिटांत ८० प्रश्न, पास व्हायला ८५ टक्के, गाइड नीट वाचली असेल तर निघते. पण त्यानं फक्त इंटरव्ह्यूचा दरवाजा उघडतो.

आणि टीम तयार झाली की नाही ते बघायचं असेल तर सुट्टी टाका. मी सोयाबीन कापणीत आठवडाभर फोन बंद ठेवला होता, परत आलो तेव्हा रेट्रो होऊन गेलेलं, बोर्डवर चालू कामांची मर्यादा सहावरून पाच झालेली. का केली ते मी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही.