बोअरचं पाणी सेलेनियमसाठी तपासायला नेण्याआधी

बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात २०२५च्या जानेवारीत केसगळतीचा बोभाटा झाला. संशय सेलेनियमवर गेला: हे माती-पाण्यात असणारं मूलद्रव्य अंगात जास्त गेलं की केस गळतात. ते वाचून आपल्या बोअरचं पाणीही बघून घ्यावं असं वाटत असेल, तर आधी लॅबला फोन करा आणि ‘सेलेनियम’ हा शब्द स्वतः उच्चारा. नुसतं ‘पाणी तपासा’ म्हटलं की पीएच, क्षारता, फ्लोराईड, नायट्रेट एवढंच होतं आणि ‘पिण्यायोग्य’चा शिक्का पडतो. ग्रामपंचायतीच्या किटमध्ये तर सेलेनियम दिसतच नाही. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: तुमचं मशीन कमीत कमी किती वाचतं? भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ‘०.०५ पेक्षा कमी’ असा रिपोर्ट हातात पडला, तर पैसे पाण्यात, कारण पाणी मर्यादेच्या आत आहे की नाही ते त्यातून कळतच नाही.

बाटली लॅबकडूनच घ्या. तळाशी ॲसिडचे थेंब असतील तर ती विसळायची नाही, हातावर उडू द्यायचं नाही, पोरांपासून लांब ठेवायची. लाईट असेल तेव्हाच जा, कारण मोटर पाच-दहा मिनिटं चालवून पाइपातलं शिळं पाणी जाऊ द्यावं लागतं. नमुना बोअरच्या तोंडाशी घ्या, टाकीतून नको. बाटलीवर गाव, गट नंबर, बोअरची खोली, तारीख, वेळ लिहा. चव घेऊन ‘पाणी गोड हाय’ म्हणणाऱ्यांचं इथं काही चालत नाही. सेलेनियमला या प्रमाणात ना रंग, ना वास.

घरात जार येत असेल तर त्याचाही नमुना घ्या. रेशनचा गहू खात असाल तर थोडा पिशवीत बांधून ठेवा. शेगावकडच्या प्रकरणात महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सेलेनियमसाठी बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हाकडे, त्यामुळं पाणी ठीक निघालं म्हणून विषय संपत नाही. कुणाचे केस जाताहेत, नखं ठिसूळ होताहेत का, हेही लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

रिपोर्ट येईपर्यंत उकळण्यावर भिस्त नको. जंतू मरतात, सेलेनियम राहतं. पाणी आटलं की उलट दाट होतं. आरओ बऱ्यापैकी काढतो, पण त्याचं टाकाऊ पाणी गुरांच्या हौदात सोडू नका, काढलेलं सगळं त्यातच येतं. पंजाबात होशियारपूर-नवांशहरकडं सेलेनियमच्या चाऱ्यानं जनावरांची खुरं गळालेली आहेत.