दवाखान्यातून परतलेला घोडा: पावसाळ्यात घ्यायची काळजी

मृग लागला की अलिबाग, नागाव, काशीद, मुरूडच्या किनाऱ्यावरचे घोडे दावणीला येतात. धंदा नाही म्हणून चंदी, म्हणजे रोजचा दाणा, कमी होते आणि पहिल्या पावसानंतर फुटलेलं कोवळं गवत पोटभर मिळतं. चाऱ्यातला हा अचानक बदल पोटशुळाला आमंत्रणच. गावातल्या औषधाने उतार पडला नाही की घोडा टेम्पोत चढवून मोठ्या दवाखान्यात न्यावा लागतो. तो वाचून परत आला की नारळ फुटतो आणि घोडा थेट जुन्या खुंट्याला, बाकीच्यांच्या शेजारी बांधला जातो. चूक इथेच होते.

दवाखान्यातून येताना घोडा कधीकधी साल्मोनेला घेऊन येतो. नाव ऐकून आपल्याकडे कुणालाही सॅल्मन मासळीचा रोग वाटेल, पण हे नाव पडलं डॅनियल सॅल्मन या अमेरिकी पशुवैद्यावरून. हा आतड्यातला जंतू. काही घोड्यांच्या पोटात तो गपचूप पडून असतो. प्रवासाचा ताण, उपास, शस्त्रक्रिया, अँटिबायोटिक यांनी आतड्याची घडी विस्कटली की तो माजतो आणि लिदीतून बाहेर पडू लागतो. तिथून थर्मामीटर, नाकातली नळी, बादली, माणसांचे हात आणि बूट यांवरून शेजारच्या अशक्त घोड्याला लागतो. दवाखाना गलिच्छ होता, असा अर्थ काढू नका. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं नावाजलेलं मोठ्या जनावरांचं रुग्णालय 2004 साली याच जंतूपायी बंद ठेवावं लागलं होतं.

घोडा आणायला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा: तिथे ताप किंवा पातळ लीद झाली होती का, आणि लीद तपासली का? एक नमुना स्वच्छ आला म्हणून निर्धास्त राहू नका. जंतू रोज बाहेर पडत नाही, म्हणून एकेका दिवसाच्या अंतराने तीन ते पाच नमुने घेतात.

घरी आल्यावर किमान महिनाभर त्याला वेगळा बांधा. त्याची बादली, तोबरा, खरारा, फावडं वेगळं ठेवा आणि त्यावर लाल ऑइलपेंटचा पट्टा मारा, नाहीतर घाईत कुणीतरी उचलतोच. आधी निरोगी घोड्यांचं आवरा, याचं सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे खरी अडचण तबेल्याच्या जमिनीची. जांभ्याचा चिरा दिसायला टणक, पण अंगभर भोकं. त्यात लिदीचं पाणी मुरतं आणि वरून कितीही ब्लीच ओता, आत पोचत नाही. म्हणून या घोड्याला सिमेंटच्या कोब्यावर बांधा. तेवढ्या जागेपुरता कोबा करून घेतला तरी पैसे वाया जायचे नाहीत. धुताना आधी लीद खरवडून काढा, मग कपड्याच्या पावडरीने ब्रश मारून भरपूर पाण्याने धुवा. त्यानंतरच एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, आणि दहा मिनिटं जमीन ओली राहू द्या. घाणीवर ब्लीच टाकलं तर ते घाणीतच संपतं, आणि मुतावर टाकलं तर डोळे-घसा झोंबणारा वायू सुटतो. दाराशी बूट बुडवायला औषधाचं घमेलं ठेवणार असाल तर पागोळ्यांखाली नको, एका सरीत त्याचं नुसतं पाणी होतं. त्यापेक्षा त्या जागेपुरते वेगळे गमबूट बरे.

गेल्या पावसाळ्यात एका वाडीत पाहिलं. परतलेल्या घोड्याची बादली विहिरीच्या काठावर विसळली जात होती आणि ते पाणी चिऱ्यांच्या फटीतून परत विहिरीत झिरपत होतं. तीच विहीर घरच्या पिण्याची. असं झालं असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकून घ्या आणि पाणी उकळून प्या. या घोड्याची लीद परसातल्या काकडी-पडवळाला घालू नका. पावसात भिजलेला उकिरडा तापत नाही, त्यामुळे जंतू मरत नाहीत. विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला वेगळा खड्डा करा, चुना मारा, वर ताडपत्री टाका. कोंबड्या तिथे उकरायला जाणार नाहीत हे बघा.

रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. 101.5 फॅरनहाइटच्या वर गेला, चारा सुटला, लीद पातळ आणि उग्र वासाची झाली किंवा खूर गरम लागले, तर डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. शिंगराच्या बाबतीत तर तासांचा हिशेब असतो. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या किंवा माणसांचं जुलाब थांबवायचं औषध मनाने देऊ नका. हा रोग माणसालाही होतो, म्हणून लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना तिकडे फिरकू देऊ नका, आणि हात साबणानेच धुवा.

महिना सरला की पुन्हा लीद तपासून घ्या. जमिनीला न टेकलेला वरचा ताजा भाग स्वच्छ डबीत भरून बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवा. बर्फ कोळीणबाईकडून मागून आणा हवं तर, पण डबी घरच्या फ्रिजात ठेवू नका.