काळ्या वाळूतून ध्रुवीय प्रकाश कसा समजवायचा

तो हिरवा-लाल प्रकाश तिकडे नॉर्वेतच का दिसतो, आपल्या गावात का नाय, असं पोरांनी विचारलं की यूट्यूब नका लावू, किनाऱ्यावर जा. रत्नागिरीत मिऱ्या, भाट्ये बाजूला वाळूत काळे पट्टे असतात ना, त्यात लोहचुंबकाला चिकटणारे कण असतात. तांब्याभर आणा, सुपात पसरून खळ्यात कडकडीत वाळवा, ओल्या वाळूचे गोळे होतात.

चुंबक पट्टीसारखा लांब घ्या आणि आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला हां! मी नुसताच वाळूत खुपसला होता, मग त्याची काळी दाढी काढायला कणकेचा गोळा लागला. पिशवीसकट वाळूत फिरवायचा, कागदावर नेऊन चुंबक बाहेर ओढला की पूड आपोआप गळते, चार-पाच वेळा असं केलं की पुरेशी जमते. मग चुंबकावर जाड कागद, वरून पूड भुरभुरवायची आणि टिचकी मारायची.

मधोमध कण आडवे झोपतात, दोन टोकांना मात्र साळिंदरासारखे उभे राहतात. तिथे बोट ठेवून सांगा. पृथ्वी पण असाच एक मोठा चुंबक, ही दोन टोकं म्हणजे तिचे ध्रुव, आणि कण ज्या दिशेने लागलेत त्या तिच्या चुंबकीय रेषा. सूर्याकडून इलेक्ट्रॉन-प्रोटॉन सेकंदाला साधारण 400 किलोमीटरने येतात, पण विद्युतभार असल्यामुळे त्यांना या रेषा सहज ओलांडता येत नाहीत, रेषेभोवती गिरक्या घेत तिच्याच वाटेने जावं लागतं. आपल्याकडे रेषा बऱ्याचशा आडव्या, म्हणजे गडगा झाला, ध्रुवांजवळ त्या खाली जमिनीत शिरतात, म्हणजे पाणंद.

पण कण सूर्याकडून थेट ध्रुवावर पडतात असं सांगू नका, बरेच जण इथेच चुकतात. बहुतेक कण बाजूने निघून जातात, आणि होडीमागे पाणी लांबत जातं तसं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र रात्रीच्या बाजूला शेपटीसारखं ताणलं जातं, तिथल्या रेषा तुटून परत जोडल्या की इलेक्ट्रॉन पृथ्वीकडे फेकले जातात आणि हवेतल्या ऑक्सिजनवर आपटतात, 100 किलोमीटरच्या वर हिरवा, 200 च्या वर लाल.

मे 2024 च्या सौर वादळात, म्हणजे सूर्याकडून कणांचा मोठा लोंढा आला तेव्हा, लडाखमध्ये हानलेला लाल झाक दिसली होती. कोकणात दिसत नसलं तरी वादळ पोचतंच, अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत त्याची नोंद होते. ही वेधशाळा 1904 मध्ये कुलाब्याहून तिथे नेली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि मोजमाप बिघडलं असतं. तुम्ही पण कागदाजवळ मोबाईल ठेवू नका, स्पीकरात चुंबक असतो, पूड जाळीत जाऊन बसते.