बाळ काचेत असताना पैशांची तजवीज : सोलापुरातील कुटुंबांसाठी

आठव्या महिन्यात, दीड किलो वजनाचे बाळ जन्मते आणि डॉक्टर ‘काचेत ठेवावे लागेल’ असे सांगतात, तेव्हा घरातील पुरुष मंडळी पहिली धाव बहुधा सराफाकडे घेतात. गंठण गहाण पडते, डिपॉझिट भरले जाते आणि शासकीय योजनांची चौकशी आठवडाभराने, पैसे संपल्यावर सुरू होते. हा क्रम उलटा आहे, कारण यातील बहुतेक योजना उपचार चालू असताना रुग्णालयाला पैसे देतात. कुटुंबाने एकदा भरलेले बिल परत मिळवून देणे हे त्यांचे काम नव्हे. म्हणून चौकशी आधी आणि डिपॉझिट नंतर, एवढा एक क्रम पाळला तरी पुष्कळ फरक पडतो.

डॉक्टरांना केवळ ‘किती खर्च येईल’ असे विचारू नये. ‘किती दिवस ठेवावे लागेल’ हेही विचारावे. 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ स्वतः श्वास घेणे, अंगावर ओढून पिणे आणि शरीराची ऊब टिकवणे या तिन्ही गोष्टी जमेपर्यंत घरी जाऊ शकत नाही. साधारणपणे प्रसूतीच्या मूळ तारखेच्या आसपास किंवा त्याआधी दोन-तीन आठवडे सुट्टी मिळते. बत्तिसाव्या आठवड्यात झालेल्या बाळासाठी चार दिवसांचे डिपॉझिट कसेबसे गोळा करून भागत नाही, हे या हिशेबावरून लक्षात येते.

बाळ अजून कोठे दाखल झालेले नसेल, तर प्रथम सिव्हिलचा, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाचा विचार करावा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 मध्ये सुरू झाला. त्यानुसार शासकीय रुग्णालयात आजारी अर्भकाला एक वर्षापर्यंत उपचार, औषधे, तपासण्या, रक्त आणि ने-आण यांचा खर्च लागत नाही. खाटा भरलेल्या असतात ही तक्रार खोटी नाही. त्यामुळे बाळाला हलवण्यापूर्वी डॉक्टरांकडून तेथील नवजात शिशू विभागात फोन करवून घ्यावा आणि खाट मिळत असल्याची खात्री झाल्यावरच 108 ची रुग्णवाहिका बोलवावी. एवढ्या लहान जिवाला रिक्षातून नेण्याचे धाडस कोणी करू नये.

खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले, तर ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे. अशा रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस बसतो. स्वागतकक्षातील उत्तरावर न थांबता थेट त्यालाच भेटावे. 1 जुलै 2024 पासून या योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांचे आहे आणि पिवळ्या व केशरी रेशनकार्डाप्रमाणे पांढरे कार्डही चालते, हे अजून अनेकांना ठाऊक नसते. रात्रीअपरात्री कागद हाताशी नसतील, तर तातडीची सूचना फोनवरून नोंदवून उपचार सुरू करता येतात व कागद मागाहून देता येतात. योजनेखाली मंजुरी मिळालेल्या उपचारात खाट, तपासण्या व औषधे धरलेली असतात. तरीही बाहेरून औषध आणायला चिठ्ठी मिळाली, तर ती आरोग्यमित्राला दाखवावी आणि दाद न लागल्यास 155388 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

कुटुंबाची खरी दमछाक कागदांत होते. पहिले बाळंतपण माहेरी, त्यामुळे आईचे नाव बऱ्याचदा माहेरच्याच रेशनकार्डावर राहिलेले असते. आधारवर एक आडनाव आणि कार्डावर दुसरे, हा घोटाळा आपल्या शहराच्या पूर्वभागात तर घरोघरी सापडतो. बाळाचे नाव कार्डावर नसले तरी अडत नाही : आई किंवा वडील यांपैकी एकाचे रेशनकार्ड व ओळखपत्र, बाळाचा त्यांच्यासोबतचा फोटो आणि जन्मदाखला यांवर काम होते. म्हणून ज्याचे नाव दोन्ही कागदांवर जुळते त्याच पालकाचे कागद पुढे करावेत. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी लागते. रुग्णालय ती कळवते, पण आईवडिलांच्या नावांची अक्षरे आधारशी पडताळूनच फॉर्मवर सही करावी. याच दिवशी घरातील एका माणसाने सेतू केंद्रात जाऊन तहसीलदारांच्या उत्पन्न दाखल्यासाठी अर्ज टाकावा, कारण पुढच्या दोन्ही वाटांवर तोच लागतो आणि तो हातात पडायला वेळ जातो.

त्यातील पहिली वाट धर्मादाय, म्हणजे विश्वस्त संस्थांनी चालवलेल्या रुग्णालयांची. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 अअ खाली, उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार, अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असल्यास निर्धन आणि 3 लाख 60 हजारांपर्यंत असल्यास दुर्बल घटक, अशी मर्यादा आहे. जिवावरच्या प्रसंगात रुग्णाला तत्काळ दाखल करून स्थिर होईपर्यंत उपचार देणे त्यांना बंधनकारक आहे. तोंडी विनंतीला ‘खाटा भरल्या’ असे तोंडी उत्तर मिळते. म्हणून अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि नकार मिळाल्यास ती पोच घेऊन सोलापूरच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जावे.

दुसरी वाट मुख्यमंत्री सहाय्यता निधीची. नवजात शिशूंचे आजार त्याच्या यादीत आहेत. उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 60 हजार रुपये आहे; बाळासाठी आईचे आधारकार्ड चालते; खासगी रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावे लागते आणि रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. जनआरोग्य योजना लागू होत नसेल तेव्हा हा अर्ज करावा, तोही बाळ दाखल असतानाच. जिल्हाधिकारी कार्यालयातील कक्षात त्याची चौकशी करता येते. पूर्ण बिल यातून भागेल, असे मात्र धरून चालू नये.

घरात कोणी कारखान्यात नोकरीला असेल आणि पगारातून ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची कपात होत असेल, तर तो हक्क आधी वापरावा. यंत्रमागावर रोजंदारीने काम करणाऱ्यांची अशी कपात बहुधा होतच नाही, ही या शहराची जुनी दुखरी बाजू आहे. विडी कामगार असलेल्या आईने आपले ओळखपत्र घेऊन कामगार कल्याण दवाखान्यात विचारणा करावी.

लोकांकडे मदत मागण्यात कमीपणा नाही, पण मंडळाचे कार्यकर्ते किंवा नातेवाईक मोबाईलवर आवाहन फिरवणार असतील, तर त्यांना रुग्णालयाच्या बिलाचा तपशील द्यावा, बाळाचा नळ्या लावलेला फोटो देऊ नये. शक्य तेथे रक्कम थेट रुग्णालयात भरायला सांगावी.

खर्च कमी करणारी एक गोष्ट आईच्याच हाती असते. डॉक्टरांनी परवानगी देताच बाळाला उघड्या छातीशी धरण्याची कांगारू पद्धत सुरू करावी आणि स्वतःचे दूध काढून द्यावे. यामुळे जंतुसंसर्गाचा धोका घटतो, वजन चांगले वाढते आणि सुट्टी लवकर मिळू शकते. सुट्टीच्या गडबडीत डोळ्यांची तपासणी राहून जाते. 34 आठवड्यांआधी किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत तपासून घ्यावा लागतो, फारच लहान बाळाचा त्याहूनही आधी. बाळ घरी गेलेले असले तरी ही तारीख चुकवता येत नाही. ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी आणि बिले, अंदाजपत्रके व पोचपावत्यांच्या फाईलमध्ये ते कार्ड सर्वांत वर ठेवावे.