स्पेसिफिकेशन लिहिण्याआधी: इंग्लंडच्या काउन्सिलमध्ये आरोग्यसेवा घेताना समानतेचा कायदा कसा पाळायचा

पुण्या-नाशिकहून इंग्लंडला येऊन सार्वजनिक आरोग्य शिकलेल्या आणि इथल्या एखाद्या काउन्सिलमध्ये, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेत, नुकत्याच लागलेल्या मुलामुलींचे मला अधूनमधून फोन येतात. प्रश्न बहुधा एकच असतो. "ताई, इक्वॅलिटी इम्पॅक्ट असेसमेंटचा फॉर्म हातात दिलाय. कसा भरू?" एखाद्या निर्णयाचा वेगवेगळ्या लोकांवर काय परिणाम होईल, ते या फॉर्मात लिहायचं असतं. मी लंडनच्या कडेच्या एका काउन्सिलमध्ये अकरा वर्षं कमिशनिंग करते. म्हणजे कोणती सेवा हवी, ती कुणाकडून आणि किती पैशांत घ्यायची आणि नंतर ती नीट चालते का, हे बघते. मी त्यांना सांगते, फॉर्म बाजूला ठेव. सेवेचं स्पेसिफिकेशन, म्हणजे सेवा कशी आणि कुणासाठी असेल याचा तपशील, लिहून झालंय का, ते आधी सांग. झालं असेल तर उशीर झालाय, पण ते अजून बदलता येतं.

कायद्याचं मूळ एका कलमात आहे: इक्वॅलिटी ॲक्ट २०१०, कलम १४९. भेदभाव थांबवणं, समान संधी वाढवणं आणि वेगवेगळ्या लोकांमधले संबंध चांगले ठेवणं, या तिन्ही गोष्टींचा सरकारी संस्थेने प्रत्येक कामात यथोचित विचार करायचा आहे. वय, अपंगत्व, वंश, धर्म, लिंग, गरोदरपण अशी एकूण नऊ वैशिष्ट्यं कायद्याने संरक्षित केली आहेत. इथे पुष्कळ जण 'सगळ्यांना सारखी वागणूक' म्हणून मोकळे होतात. पण वेगळी गरज असलेल्यांना वेगळी सेवा द्यावी लागू शकते, हे याच कलमात लिहिलं आहे.

दोन निकाल वाचाच. पहिला लंडनमधल्या हॅरोचा, २००७ चा. तिथल्या काउन्सिलने अपंगांची देखभाल फक्त अतिगंभीर गरजेपुरती ठेवायचं ठरवलं. निर्णय घेणाऱ्या नगरसेवकांसमोर अपंगांविषयीचं कायदेशीर कर्तव्य स्पष्ट मांडलेलंच नव्हतं, म्हणून न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दुसरा लंडनमधल्याच ईलिंगचा, २००८ चा. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था १९७९ पासून घरगुती हिंसा सोसणाऱ्या आशियाई आणि इतर अल्पसंख्याक स्त्रियांसाठी काम करते. काउन्सिल या संस्थेला देत असलेला निधी तिला सर्व स्त्रियांसाठीच्या एकाच सेवेकडे वळवायचा होता. आशियाई स्त्रियांवर काय परिणाम होईल, याचा नीट अभ्यास निर्णयाआधी झाला नव्हता. सुनावणी चालू असतानाच काउन्सिलने निर्णय मागे घेतला. एका समाजासाठीची खास सेवा समानतेच्या आड येत नाही, उलट तिच्यामुळेच समानता साधू शकते, हे न्यायाधीशांनी तरीही निकालपत्रात नोंदवलं. तेव्हा जुना वंशसंबंध कायदा लागू होता, पण तत्त्व आजही तेच आहे. 'सर्वांसाठी एकच सेवा' हे शब्द मसुद्यात दिसले की मला ईलिंग आठवतं.

आता प्रत्यक्ष काम. एनएचएस, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, हेल्थ चेकचं उदाहरण घेऊ. ४० ते ७४ वयाच्या पात्र लोकांना दर पाच वर्षांनी हृदयविकार, मधुमेह वगैरेंच्या धोक्याची ही तपासणी मिळते. एप्रिल २०१३ पासून ती काउन्सिलची जबाबदारी आहे. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे ही सेवा सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच चालायची. बोलावणं इंग्रजी पत्राने जायचं. असेसमेंट निर्णयाच्या बैठकीच्या दोन दिवस आधी लिहिलेलं होतं आणि नऊही रकान्यांत एकच वाक्य होतं, 'परिणाम नाही'. मी बस डेपोच्या कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. एक पंजाबी ड्रायव्हर म्हणाले, "पहाटे साडेचारला ड्यूटी लागते. दवाखाना उघडतो तेव्हा मी गाडीवर असतो आणि सुट्टीच्या दिवशी झोपतो." ड्रायव्हर असणं हे संरक्षित वैशिष्ट्य नाही. गरिबीही नाही. आर्थिक विषमतेविषयीचं कलम १ स्कॉटलंड आणि वेल्समध्ये लागू झालं, इंग्लंडमध्ये नाही. पण आमच्या डेपोत बहुतेक जण दक्षिण आशियाई आणि आफ्रिकी वंशाचे होते. म्हणून तो मुद्दा वंशाच्या रकान्यात लिहायचा असतो, आणि मी तो लिहिला.

तेव्हा आधी लोकांकडे जा. डेपो, गुरुद्वारा, मशीद, मंडळ, कुठेही. शिरगणतीच्या 'इंडियन' या एका खान्यात गुजराती, पंजाबी, तमिळ आणि आपण मराठी सगळे कोंबलेले असतात. त्या आकड्यावरून कोण येत नाही ते कळतं, का येत नाही ते कळत नाही.

मग स्पेसिफिकेशनमधला प्रत्येक आकडा तपासा. वजन कमी करण्याच्या सेवेत 'बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० आणि वर' अशी एकच अट असेल तर थांबा. दक्षिण आशियाई लोकांना मधुमेहाचा धोका कमी वजनावरच सुरू होतो, म्हणून नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचना देणाऱ्या संस्थेने २०१३ मध्येच त्यांच्यासाठी बीएमआय २३ (वाढलेला धोका) आणि २७.५ (जास्त धोका) या पातळ्या सांगितल्या आहेत. त्या एका ओळीमुळे आपली किती माणसं दारातूनच परत जातात, याचा मला अजूनही राग येतो.

दुभाष्याची अट स्पष्ट लिहा: प्रशिक्षित, मोफत, आणि घरचं माणूस चालणार नाही. एका तपासणीत सासूबाईंचं बोलणं सून इंग्रजीत सांगत होती. लघवी सुटते, हे सासूबाई सुनेसमोर बोलल्याच नाहीत. आम्हाला ते कळलं सहा महिन्यांनी. माहिती समजेल अशा रूपात देण्याविषयीचं २०१६ चं ॲक्सेसिबल इन्फर्मेशन स्टँडर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते अपंगत्वामुळे येणाऱ्या गरजांसाठी आहे, परभाषेसाठी नाही.

सेवा देणारी संस्था निवडताना 'तुमचं समानता धोरण जोडा' असं विचारू नका. प्रत्येकाकडे ते छापील तयार असतं. त्याऐवजी विचारा, 'रात्रपाळी करणारा, इंग्रजी वाचता न येणारा ५२ वर्षांचा माणूस तुमच्यापर्यंत कसा पोहोचेल?' आणि त्या उत्तराला भरघोस गुण ठेवा. १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या प्रोव्हायडर सिलेक्शन रेजीममध्ये, म्हणजे आरोग्यसेवा देणारी संस्था निवडण्याच्या नियमांत, सेवा लोकांपर्यंत पोहोचवणं आणि आरोग्यातली विषमता कमी करणं हा पाचपैकी एक मुख्य निकष आहे, तेव्हा वरिष्ठ कुरकुरले तर त्याकडे बोट दाखवा.

पैसे कसे देता, तेही बघा. नुसतं किती जण आले यावर पैसे दिले की संस्था सहज येणाऱ्यांनाच बोलावते. आम्ही आता पोहोचायला अवघड असलेल्या गटांसाठी दर वाढवून देतो. किती जणांना बोलावलं आणि किती आले, हे वय, वंश, अपंगत्व आणि वस्तीप्रमाणे दर तिमाहीला मागवतो. छोट्या गटाचे आकडे मात्र जसेच्या तसे बाहेर जाऊ देऊ नका, त्यातून माणूस ओळखू येतो.

जातीविषयी हमखास विचारलं जातं. कायद्यात ती स्वतंत्र वैशिष्ट्य म्हणून नाही आणि सरकारने २०१८ मध्ये ती न घालण्याचं ठरवलं. पण जात वांशिक मुळाच्या व्याख्येत बसू शकते, असं कामगार अपील न्यायाधिकरणाने २०१४ मध्येच म्हटलं आहे. त्यामुळे आपल्या लोकांशी बोलताना हा विषय निघाला तर टाळू नका, नोंदवून घ्या.

प्रत्येक टप्प्यावर तारीख घालून टिपण ठेवा: कुणाशी बोललात, काय बदललंत, काय नाही बदललं आणि का. निर्णय घेणाऱ्यांच्या हाती पूर्ण असेसमेंट द्या, अर्ध्या पानाचा सारांश नव्हे, कारण विचार त्यांनी स्वतः करायचा असतो. करारावर सही झाली तरी हे कर्तव्य चालूच राहतं. आमच्याकडे शनिवारचं केंद्र सुरू झाल्यावर पहिल्या तिमाहीत ड्रायव्हर आलेच नाहीत. मी पुन्हा कॅन्टीनमध्ये गेले, तेव्हा कळलं की पत्र अजून इंग्रजीतच जात होतं.