ऑनलाइन ऑर्डरींसाठी गोदाम लावताय? रॅक शेवटी घ्या, आधी चालणं मोजा

गेल्या महिन्याभरात तिघांनी विचारलं, नाशिकला अंबडमध्ये गाळा बघितलाय, रॅक कुठून घेऊ. रॅक सगळ्यात शेवटी घ्यायचे हो. मी पण पहिल्यांदा उलटंच केलं होतं, आमचा घरचाच माल, मनुके, मसाले, पापड, चिवडा, ऑर्डरी वाढल्या तसा २००० स्क्वेअर फुटांचा गाळा घेतला, भिंतींना रॅक ठोकले आणि पॅकिंगचं टेबल जिथे जागा उरली तिथे टाकलं, म्हणजे पार मागच्या कोपऱ्यात. दिवाळीत पोरं रात्री नऊपर्यंत थांबायची तरी संध्याकाळच्या गाडीला पार्सलं राहायचीच. मला वाटलं माणसं कमी पडतात, अजून दोन घेतली, फरक शून्य.

मग एक दिवस नुसतं बसून बघितलं. एका ऑर्डरीसाठी पोरगा टेबलापासून रॅककडे जाऊन परत येईपर्यंत साधारण ८० मीटर चालत होता. दिवसाला १५० ऑर्डरी, म्हणजे १२ किलोमीटर, गोदामातल्या गोदामात! पगार आपण पॅकिंगचा देतोय असं वाटतं पण त्यातला बराच वेळ चालण्यात जातो, आणि भाड्याच्या प्रत्येक फुटावर घासाघीस करणारे आपण हे कधी मोजतच नाही.

तर सुरुवात एक्सेलपासून करा. मागच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरी काढा आणि प्रत्येक वस्तू किती ऑर्डरींमध्ये आली ते मोजा, किती किलो गेली ते नाही. हा फरक नीट समजून घ्या, एखादा हॉटेलवाला एकदाच ४० किलो मिरची पावडर नेतो, त्याने ती वस्तू "जास्त खपणारी" होत नाही, तिच्यासाठी कुणी ४० वेळा रॅककडे जात नाही. आमच्याकडे ६० वस्तू होत्या आणि त्यातल्या १२-१३ च बहुतेक ऑर्डरींत सापडल्या. कुठल्या दोन वस्तू नेहमी बरोबर जातात तेही बघा, त्या शेजारी ठेवायच्यात.

नंतर रिकाम्या गाळ्यात खडू घेऊन उभे राहा. माल कुठून आत येणार, कुठे मोजून तपासणार, कुठे ठेवणार, कुठे पॅक होणार आणि कुठून बाहेर जाणार हे जमिनीवर आखा आणि हातात रिकामा खोका घेऊन स्वतः त्या रस्त्याने चाला. दोन शटर असतील तर एकीकडून आवक आणि दुसरीकडून जावक, प्रश्नच मिटला. पण आपल्याकडचे छोटे गाळे बहुतेक एकाच शटरचे, तिथे रस्ता घोड्याच्या नालेच्या आकाराचा करा, डाव्या हाताने माल आत, मागून वळसा, उजव्या हाताने पॅक होऊन बाहेर, आणि आवक दुपारी एकच्या आत संपवायची, कारण चार वाजता छोटा हत्ती माल उतरवत असेल आणि त्याच वेळी कुरिअरची गाडी आली की जो गोंधळ होतो त्यातच पार्सलं हरवतात. पॅकिंगचं टेबल जावकीच्या अगदी जवळ, त्या १२-१३ वस्तू टेबलाच्या जवळ, कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर. जड माल खाली, क्वचित जाणारा वर नाहीतर मागे. रॅकच्या मधली वाट ट्रॉली सहज वळेल एवढी, आम्ही चार फूट ठेवली.

प्रत्येक खणाला पत्ता द्या, अ-०३-२ म्हणजे अ रांग, तिसरा रॅक, खालून दुसरा खण. जुन्या माणसाला सगळं पाठ असतं, खरं आहे, पण तो गावाला गेला की गोदाम आंधळं होतं. आणि दिसायला सारख्या वस्तू कधीच शेजारी ठेवू नका. काळा मसाला आणि गोडा मसाला एकाच रंगाच्या पाऊचमध्ये, शेजारच्या खणात, त्यातून किती चुकीची पार्सलं गेली असतील! मध्ये पापडाचा खण टाकला आणि तो प्रकार जवळजवळ बंद झाला.

खायचा माल असेल तर जो आधी आला तो आधी काढा एवढं पुरत नाही, ज्याची तारीख आधी संपते तो आधी काढायचा. नंतर आलेल्या मालाची तारीख कधीकधी आधीची असते. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलंय की ग्राहकाच्या हातात पडताना मालाचं किमान ३० टक्के आयुष्य किंवा संपायला ४५ दिवस तरी शिल्लक पाहिजेत. म्हणून आवकीच्या टेबलावरच बॅच नंबर आणि तारीख नोंदवा, नंतर कुणी नोंदवत नाही. मनुक्यांना ऊन आणि दमट हवा दोन्ही चालत नाही, पत्र्याच्या गाळ्यात एप्रिलमध्ये वरच्या खणात ठेवलेले हिरवे मनुके काळपट पडतात, ते भिंतीपासून लांब, पॅलेटवर (मालाखाली घालायची फळ्यांची चौकट), खालच्या खणात ठेवा. पावसाळ्यात तर कुठलाच माल थेट फरशीवर नको.

आता ऑर्डर काढायची पद्धत. एकेक ऑर्डर घेऊन पळू नका. ट्रॉलीवर दहा टब लावा, दहा ऑर्डरींची एक यादी खणांच्या क्रमाने छापा आणि एकाच फेरीत दहाही भरा. फेरी १२० मीटरची झाली तरी १५० ऑर्डरींना १५ फेऱ्या, म्हणजे १.८ किलोमीटर. कुठे १२ आणि कुठे पावणेदोन! यासाठी भारी सॉफ्टवेअर लागत नाही, यादी खणाच्या पत्त्याने सॉर्ट केली की झालं.

टेबलावर लेबलचा प्रिंटर, स्कॅनर, वजनकाटा, टेप, कात्री सगळं हात लांबवला की मिळेल असं, खोके टेबलाखाली. तीन किंवा चारच मापाचे खोके ठेवा पण माप विचार करून ठरवा, इथे पैसे गुपचूप जातात. बरेच कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्याचे पैसे लावतात. ३० गुणिले २५ गुणिले २० चा खोका म्हणजे ३ किलो, आत चिवडा ८०० ग्रॅमच का असेना. तोच चिवडा २८ गुणिले २० गुणिले १० मध्ये बसवला तर १.१२ किलो. आपला कुरिअर कितीने भागतो ते आधी विचारून घ्या.

परत आलेल्या मालाला वेगळा कोपरा पाहिजेच, आणि तो आवकीच्या बाजूला, जावकीच्या नाही. कॅश ऑन डिलिव्हरीत न घेतलेली पार्सलं भरपूर परत येतात, ती उघडून, तारीख बघून, त्याच दिवशी ठरवायचं, खणात की बाद. "उद्या बघू" म्हणून साठलेल्या ढिगात आमचे एकदा दिवाळीचे पॅक फेब्रुवारीत सापडले.

जागा कुठे घ्यायची हे ऑर्डरी कुठे जातात त्यावर. मुंबईकडे जास्त जात असतील तर अंबड, पाथर्डी फाटा, विल्होळी बरं पडतं, शहरातल्या द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये शिरावं लागत नाही. धुळ्याकडे आणि पुढे माल असेल तर आडगाव. सिन्नरचा विचार आता जास्त करावा असं माझं मत आहे, समृद्धी महामार्ग त्या तालुक्यातून जातो आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये उघडल्यापासून भिवंडीकडे जाताना कसारा घाट टाळता येतो. फक्त तुमचा कुरिअर तिथून रोज पिकअप करतो का आणि किती वाजता करतो हे करार करायच्या आधी लेखी घ्या. पिकअप साडेपाचला असेल तर ऑर्डर घेण्याची शेवटची वेळ तीन ठेवा, चार नाही. गाळा ठरला की जीएसटीमध्ये तो पत्ता जोडून घ्या आणि खायच्या मालासाठी त्या गोदामाचा एफएसएसएआय परवाना बघा.

सातपूरला गाळा असेल तर अजून एक गोष्ट आत्ताच धरा. तो त्र्यंबक रोडचा भाग आहे आणि २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात पर्वणीच्या आसपास गाड्यांना बंदी आणि वळवलेले रस्ते असणारच, त्यात श्रावण आणि गणपतीच्या ऑर्डरी. त्या १२-१३ वस्तूंचा दोन-तीन आठवड्यांचा स्टॉक शहराबाहेर दुसऱ्या जागी ठेवायची बोलणी आम्ही सुरू केलीत, आणि तिथेही खणांचे पत्ते हेच ठेवणार आहोत, म्हणजे इथली पोरं तिथे गेली तरी पहिल्या दिवसापासून ट्रॉली फिरवू शकतील.