इंजिन चासीला धरून ठेवणारे फाउंडेशन बोल्ट सारखे ढिले पडत होते, त्यावर केलेला इलाज

सिंगल सिलिंडर बाइकला कंप जास्त. बोल्ट नुसता करकचून आवळला तरी पुन्हा सुटतो आणि आणखी जोर लावला की तो ताणला जातो, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचे आटेच जातात.

एकेक बोल्ट काढून तारेच्या ब्रशने जुना थर खरवडला, ब्रेक क्लीनरने धुऊन पूर्ण सुकू दिला. ही सफाई टाळू नका, बरेचदा काम इथेच फसतं. मग निळं लॉक्टाइट २४३ (आटे सुटू न देणारा गोंद, म्हणजे थ्रेड लॉकर), एकच थेंब, नट जिथे बसतो त्याच आट्यांवर. हवा मिळेनाशी झाली आणि धातू लागला की ते घट्ट होतं, म्हणून बाटलीत पातळच राहतं.

सगळे बोल्ट आधी हाताने बसवले. नंतर टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराने आवळायचा पाना) आधी निम्मा जोर, मग सर्व्हिस मॅन्युअलमधला पूर्ण आकडा. 'टक' वाजलं की थांबायचं. आट्यांना ग्रीस मुळीच नको. त्यामुळे त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो.

२४ तास गाडी उभी ठेवा. लाल थ्रेड लॉकर इथे वापरू नका, तो सोडवायला बोल्ट सुमारे २५० अंशांपर्यंत तापवावा लागतो.